विटाळावर विज्ञानाची झूल

भाद्रपदातील ऋषिपंचमी जवळ आली, किंवा एखाद्या देवळाच्या उंबरठ्यावरून स्त्रियांना परत पाठविण्याचा प्रश्न न्यायालयात गेला, की एक ठराविक युक्तिवाद हमखास पुढे येतो. पाळीच्या दिवसांत स्त्रीने बाजूला बसावे, देवाला व चुलीला शिवू नये, या रूढीमागे पूर्वजांची वैद्यकीय दृष्टी होती. कामाने पिचलेल्या गृहिणीला महिन्यातून तीन दिवस विसावा मिळावा हा त्यांचा हेतू होता. सामान्य जनांना शास्त्र उमगत नाही म्हणून त्याला धर्माचे रूप दिले गेले, असे हे प्रतिपादन. ते आता केवळ कीर्तनाच्या फडावर राहिलेले नाही. पदवीधर वक्ते ते व्याख्यानातून मांडतात आणि स्वतःला पुरोगामी म्हणविणाऱ्या घरांतही ते मान डोलावून ऐकले जाते. कावळा शिवला म्हणून सुनेला मागच्या पडवीत बसविणारी आजी निदान प्रामाणिक होती. ती विटाळाला विटाळच म्हणत असे. विटाळावर विज्ञानाची झूल पांघरणारा हा नवा वर्ग ग्रंथांशीही प्रामाणिक नाही आणि विज्ञानाशीही नाही.

ग्रंथ काय सांगतात ते आधी पाहू. मध्ययुगातील निबंधकारांनी ज्या आधारांवर आपली इमारत उभारली त्यांतील एक मूळ आधार तैत्तिरीय संहितेतील कथेचा आहे. इंद्राने त्वष्ट्याच्या पुत्राला, विश्वरूपाला मारले. त्या ब्रह्महत्येचा एक तृतीयांश भाग पृथ्वीने घेतला, एक वृक्षांनी, आणि एक स्त्रियांनी. स्त्रियांनी घेतलेला भाग म्हणजेच त्यांचे रज. गुन्हा देवांच्या राजाचा, आणि त्याची फेड दर महिन्याला स्त्रीच्या देहाने करावयाची! याच कथेला जोडून निषेधांची यादी येते. त्या दिवसांत स्त्रीने केस विंचरले तर मूल टकले होईल, काजळ घातले तर एका डोळ्याने आंधळे होईल, दात घासले तर काळ्या दातांचे होईल, नखे काढली तर कुनखी होईल, सूत कातले तर नपुंसक निपजेल, दोर वळला तर ते मूल पुढे गळफास घेईल. या यादीत विश्रांतीचा शब्द नाही. आहे ती केवळ धमकी, आणि तीही स्त्रीच्या सर्वांत हळव्या जागी, तिच्या होणाऱ्या मुलावर रोखलेली.

पराशरस्मृती ही कलियुगासाठी प्रमाण मानली गेली आणि चौदाव्या शतकात विजयनगरच्या माधवाचार्यांनी तिच्यावर विस्तृत भाष्य लिहिले. या स्मृतीने रजस्वलेच्या तीन दिवसांना तीन नावे दिली आहेत: पहिल्या दिवशी चांडाळी, दुसऱ्या दिवशी ब्रह्मघातिनी, तिसऱ्या दिवशी रजकी, चौथ्या दिवशी ती शुद्ध. विश्रांती घेणाऱ्या माणसाला कोणी चांडाळ म्हणत नाही. या एका वचनात स्त्रीचा विटाळ आणि जातीचा विटाळ एकाच दाव्याला बांधलेले आहेत. उच्चवर्णीय घरातील स्त्रीला ती तीन दिवस 'खालच्या' जातीची होते असे सांगून तिचा अपमान करावयाचा, आणि ज्यांना जन्मभर त्या जातीत ठेवले त्यांना आपला अपमान निसर्गसिद्ध आहे असे पटवावयाचे, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे. जातिनिर्मूलनाची भाषा बोलणाऱ्या कोणालाही विटाळाचे समर्थन करता येत नाही, ते यासाठीच.

विश्रांती हा हक्क असेल तर तो नाकारणाऱ्याला दंड होतो, ही साधी कसोटी आहे. ऋषिपंचमीच्या व्रतकथेला ती लावून पाहावी. रजस्वला असताना घरातील भांड्यांना शिवलेली ब्राह्मणपत्नी पुढल्या जन्मी कुत्री होते आणि तिच्या संसर्गाच्या दोषाने नवरा बैल होतो. तिच्याकडून काम करून घेणाऱ्याला येथे शासन नाही. काम केल्याचे पाप तिच्याच माथी आहे, आणि पाळी गेल्यावरही त्या पापाच्या क्षालनासाठी तिने व्रत करावयाचे आहे. शिवाय विटाळ चालत नसे तो देवघराला आणि चुलीला. शेतकऱ्याच्या घरी गोठ्याला, उकिरड्याला, खुरपणीला तो बहुधा चालत असे. अंगमेहनतीच्या कामापासून न वाचविणारी आणि केवळ पूजेपासून व अन्नापासून दूर ठेवणारी ही विश्रांती कोणत्या वैद्याने सुचविली होती?

हा प्रश्न खुद्द मध्ययुगातच, आणि तोही महाराष्ट्राच्या भूमीवर, तपासून पाहता येतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेला मंत्री हेमाद्री याने 'चतुर्वर्गचिंतामणी' हा व्रते, दाने, श्राद्धे यांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. पुढील कित्येक शतके ब्राह्मणी आचाराचा तो एक प्रमुख आधार राहिला. याच हेमाद्रीने वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या वैद्यकग्रंथावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीकाही लिहिली. धर्म आणि वैद्यक ही दोन्ही शास्त्रे एकाच विद्वानाच्या चौरंगावर होती. आता ही दोन शास्त्रे एकमेकांच्या विरोधात गेली तेव्हा कोणाचे चालले, हे पाहणे उद्बोधक आहे.

वाग्भट सांगतो की पूर्ण सोळा वर्षांची स्त्री आणि पूर्ण वीस वर्षांचा पुरुष यांच्यापासून सशक्त संतती होते. त्याहून कमी वयात झालेले मूल रोगी व अल्पायुषी निपजते. सुश्रुताने पुरुषाचे वय पंचवीस सांगितले, स्त्रीचे सोळाच. आणि त्याहून लहान मुलीला गर्भ राहिला तर तो पोटातच नासतो, जन्मला तरी फार जगत नाही, जगला तरी दुर्बल राहतो, असा स्पष्ट इशारा दिला. दुसरीकडे पराशरादी स्मृतिकार बजावतात की अविवाहित कन्येला ऋतुप्राप्त झालेली पाहणारे आईबाप व थोरला भाऊ नरकात जातात. याज्ञवल्क्याच्या मते तिचा एकेक ऋतू वाया जाणे म्हणजे पालकाला एकेका भ्रूणहत्येचे पातक. वैद्यक म्हणते सोळा वर्षे थांबा. धर्मशास्त्र म्हणते न्हाण येण्यापूर्वीच कन्यादान करा. समाजाने कोणाचे ऐकले हे सांगावयास नको. मुलीला न्हाण आले की तिला मखरात बसविले, ऋतुशांती केली, गर्भाधान उरकले, आणि वैद्याची पोथी फडक्यात गुंडाळलेलीच राहिली. रूढीच्या मुळाशी वैद्यकीय शहाणपण होते असे म्हणणाऱ्यांनी या एका ठिकाणी तरी उत्तर द्यावे. पूर्वजांना वैद्यक प्रिय होते, तर सोळा वर्षांचे वचन त्यांनी का तुडविले?

त्याची किंमत कोणी मोजली तेही नोंदलेले आहे. कलकत्त्याच्या फुलमणी दासीच्या मृत्यूचा खटला १८९० साली चालला. पतीच्या बळजोरीने मेलेली ही मुलगी जेमतेम दहा-अकरा वर्षांची होती. संमतिवयाची मर्यादा दहावरून केवळ बारावर नेणारे विधेयक पुढे आले तेव्हा ऋतुप्राप्तीनंतर लगेच गर्भाधान न झाल्यास धर्म बुडतो, असा गदारोळ उठला. लोकमान्य टिळकांसारख्या पुढाऱ्याने 'केसरी'तून विधेयकाला विरोध केला, डॉ. रा. गो. भांडारकरांसारख्या पंडिताला संस्कृत वचनांनीच त्या विरोधाचा प्रतिवाद करावा लागला. सुधारकांनी सुश्रुताचा हवाला दिला. अखेर १८९१ मध्ये कायदा झाला, पण तो परकीय सरकारच्या विधिमंडळात. सुश्रुताचे वचन त्याच्याच देशात धर्माच्या बळावर कधीच अमलात आले नव्हते. नऊ वर्षांच्या वयात लग्न झालेल्या, चौदाव्या वर्षी आई होऊन दहा दिवसांत मूल गमावलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. तेथे प्रबंधासाठी त्यांनी प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला होता. ग्रंथातील प्रसूतिशास्त्र आणि घरातील बाळंतपण यांतील अंतर त्यांनी आधीच देहाने भोगलेले होते.

याचा अर्थ वैद्यक निर्दोष होते असा नव्हे. जुन्या वैद्यकात खरे निरीक्षण होते. रज हे रसधातूपासून होते, ते सुमारे बाराव्या वर्षी सुरू होऊन पन्नाशीच्या सुमारास थांबते, हे सुश्रुताने सांगितले. अडलेल्या गर्भाची सोडवणूक कशी करावी याचे हस्तकौशल्य त्याने वर्णिले. गर्भाची त्वचा, रक्त, मांस, मेद, हृदय मातेकडून आणि केस, नखे, दात, हाडे पित्याकडून येतात, अशी वाटणी चरकाने केली. ती आज चूक ठरली तरी तीत मातेला वाटा होता. परंतु याच सुश्रुताने वेदातील निषेधांची ती यादी थोड्याफार फेरफाराने आपल्या शारीरस्थानात उतरवून घेतली. काजळाने मूल आंधळे, तेल लावण्याने कुष्ठी, हसण्याने काळ्या दातांचे, फार बोलण्याने वाचाळ! ब्रह्महत्येचा उल्लेख गळला, परिणाम तसेच राहिले. पापाच्या जागी पथ्य आले आणि शिक्षेच्या जागी रोग. स्नानसुद्धा वर्ज्य करणाऱ्या या पथ्याला आज आरोग्यशास्त्र म्हणून मिरविले जाते. विटाळावर झूल घालण्याचे काम आजच्या वक्त्यांनी प्रथम केलेले नाही. त्याचा पहिला टाका वैद्यकाच्या पोथीतच पडलेला आहे.

मुलगा की मुलगी या प्रश्नावर तर धर्म आणि वैद्यक यांचे पूर्ण एकमत होते. सम रात्रींच्या समागमाने पुत्र, विषम रात्रींच्या समागमाने कन्या, असे मनूही सांगतो आणि सुश्रुतही. पुरुषाचे बीज प्रबळ ठरले तर मुलगा, स्त्रीचे रज प्रबळ ठरले तर मुलगी. म्हणजे मुलगी झाली तर दोष स्त्रीच्या देहाचा, ही समजूत शास्त्राच्या पाठबळाने घराघरांत रुजली आणि कित्येक सुनांच्या डोक्यावर सवती आणून गेली. स्त्रीचे बीजांड १८२७ साली बेअर या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. मुलाचे लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते हे विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झाले. तरीही दोष स्त्रीवरच राहिला, कारण या समजुतीचे मूळ अज्ञानापेक्षा मालमत्तेत अधिक खोल गेलेले होते.

मनूने स्त्रीला क्षेत्र म्हटले आणि पुरुषाला बीज, आणि बीजच श्रेष्ठ ठरविले. शेतात उगवलेले पीक ज्याचे त्याचे, हा शेतमालकीचा न्याय गर्भाशयाला लावला गेला. एकदा गर्भाशय ही जमीन ठरली की तिला कुंपण घालणे, तिची नांगरट वेळेवर होते की नाही हे पाहणे, तिच्यात परजातीचे बी पडू न देणे, ही मालकाची कर्तव्ये ओघानेच येतात. ऋतूंची मोजदाद, न्हाणापूर्वीचे लग्न, विधवेचे केशवपन या साऱ्यांचा उगम तेथे आहे. बाराव्या शतकाच्या उंबरठ्यावर कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली. सापिंड्य म्हणजे एकाच शरीराच्या अवयवांचा संबंध, आणि तो मातेकडूनही येतो, असे त्याने मांडले. नाते मोजताना मात्र पित्याकडून सात पिढ्या, मातेकडून पाच. आणि त्याच 'मिताक्षरे'च्या नावाने चाललेल्या कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळे तो पुत्राला. मुलीला तो हक्क मिळावयास महाराष्ट्रात १९९४ साल उजाडावे लागले, आणि देशभर २००५. देह आईचा आणि सातबारा बापाचा, हा हिशेब आठशे-नऊशे वर्षे चालला.

हे केवळ हिंदू समाजाचेच वैगुण्य आहे असे मानून कोणी सुखावू नये. मध्ययुगीन ख्रिस्ती युरोपने बायबलातील लेवीय पुस्तकाचा वारसा चालविला: मुलगा झाला तर बाळंतीण चाळीस दिवस अशुद्ध, मुलगी झाली तर ऐंशी. स्त्रीची जननेंद्रिये म्हणजे उष्णतेअभावी आतच राहिलेली पुरुषाची इंद्रिये, हे गेलनचे मत तेथील विद्यापीठांत शतकानुशतके शिकविले गेले. स्त्रीदेहाच्या 'रहस्यां'वरील एक पोथी आल्बर्टस मॅग्नसच्या नावावर खपविली गेली. रजस्वलेची नजर आरशाला डागाळते आणि पाळण्यातील बाळाला बाधते, असे तीत लिहिले होते. अशा समजुतींच्या वातावरणातच पंधराव्या शतकाच्या अखेरीस चेटकिणींच्या छळाचे मार्गदर्शक ग्रंथ छापले गेले. जेथे जेथे वंश, मालमत्ता आणि पौरोहित्य यांची युती झाली, तेथे तेथे स्त्रीच्या गर्भाशयावर पहारा बसला.

परंतु परंपरेच्या नावाने बोलणारे एक गोष्ट दडवितात. ज्या देवगिरीच्या राज्यात हेमाद्री आपला ग्रंथ रचीत होता, त्याच राज्यात चक्रधरस्वामी गोदातीरी हिंडत होते. सुमारे १२७८ साली म्हाइंभटांनी संकलित केलेल्या 'लीळाचरित्रा'तून त्यांची वृत्ती स्पष्ट दिसते. महदाइसा, बाइसा यांसारख्या स्त्रिया त्यांच्या परिवारात बरोबरीने वावरत, प्रश्न विचारीत. रजाविषयी त्यांनी दिलेले उत्तर असे की नाकातून शेंबूड यावा, कानातून मळ यावा, तसाच हाही देहाचा एक स्राव; तो स्वच्छ करावा, त्याचा विटाळ मानू नये. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी, सूक्ष्मदर्शकाचा मागमूस नसताना, एका माणसाला हे कळू शकले. तेव्हा 'त्या काळी विज्ञान नव्हते' ही सबब हेमाद्रीच्या कामी येत नाही. महानुभाव परंपरा या हेमाद्रीला चक्रधरांचा वैरी मानते, यात नवल कसले?

पुढल्याच शतकात चोखामेळ्याच्या पत्नी सोयराबाई यांनी विटाळाचा प्रश्न थेट देवापुढे मांडला. विटाळ देहातच उपजतो, त्यावाचून कोणताच देह घडत नाही. मग शुद्ध कोण, असा त्यांच्या अभंगाचा आशय आहे. जातीने अस्पृश्य आणि देहाने स्त्री अशा दुहेरी बहिष्कारातून आलेला हा प्रश्न साऱ्या स्मृतिवाङ्मयाला निरुत्तर करणारा आहे. वारकरी परंपरेत अशीही कथा आहे की सोयराबाईंच्या बाळंतपणाला विठ्ठल चोख्याची बहीण निर्मळा हिच्या रूपाने आला. ज्या बाळंतिणीच्या खोलीला दहा दिवस सुवेर, जेथील नाळ कापण्याचे काम अनेक गावांत मांग समाजातील सुईणीवर सोपविलेले, त्या खोलीत देव सुईण होऊन राबला, असे कष्टकऱ्यांच्या कल्पनेला वाटले. परंपरा म्हणावयाची तर ही परंपरा नाही काय? वारसा निवडावा लागतो, आणि निवडणाऱ्याचा पक्ष त्या निवडीतून उघड होतो.

आता चळवळीतील त्या सहकाऱ्यांकडे वळले पाहिजे, ज्यांना हा सारा विषय मध्यमवर्गीय स्त्रियांचा वाटतो आणि भाकरीच्या लढ्यापुढे दुय्यम वाटतो. त्यांनी बीड जिल्ह्याकडे पाहावे. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली तीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते. कारणे डोळ्यांसमोर आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल. एक दिवस चुकला तर खाडा, आणि त्याचा दंड. फडात ना आडोसा, ना पाणी, ना शौचालय. पाठीवर मोळी, रात्री-अपरात्री गाडी भरावयाची. अंगावरून जाणे, पोटात दुखणे अशी तक्रार घेऊन दवाखान्यात गेलेल्या तिशीतल्या बाईला कर्करोगाची भीती घातली जाते आणि 'पिशवी' काढून टाकली जाते. याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातील पहिला कायदा १९८८ साली याच महाराष्ट्राने केला होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

स्मृतिकाराने गर्भाशयाला शेत म्हटले; मुकादमाच्या हिशेबात ते खाड्याचे कारण झाले. एकाने त्याला कुंपण घातले, दुसऱ्याच्या व्यवस्थेत ते उपटून टाकणे सोयीचे ठरले. दोघांच्याही लेखी त्या देहाची धनीण ती स्त्री नव्हे. आणि विटाळाची लाज या शोषणाच्या कामी येते. ज्या दुखण्याचा उच्चार करणे घरात ओंगळ, त्याची तक्रार मुकादमाकडे कशी करावयाची? डॉक्टरला प्रश्न कसा विचारावयाचा? लाजेने तोंड बंद केले की कापणाऱ्याचा हात मोकळा होतो. भाकरीचा लढा आणि विटाळाचा लढा वेगळे करता येत नाहीत, ते याच कारणाने.

विश्रांतीचा एवढा कळवळा ज्यांना आहे, त्यांच्यासाठी मार्ग खुला आहे. बिहारमध्ये १९९२ साली शासकीय सेवेतील स्त्रियांना महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा मान्य झाली. तेथे ना प्रायश्चित्त, ना शिवाशिव. वेतन मात्र चालू. विश्रांती असते ती अशी. परंपरेतील विश्रांतीचे गोडवे गाणारे किती वक्ते ऊसतोड कामगार स्त्रीच्या पगारी रजेसाठी साखर कारखान्याच्या दारात येऊन बसले? शबरीमला येथे दहा ते पन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांना प्रवेश देणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ सप्टेंबर २०१८ रोजी दिला, तेव्हा मात्र यांतील पुष्कळांना रस्त्यावर यावयास वेळ होता.

कार्यकर्त्यांपुढील कामे स्पष्ट आहेत. पाळीच्या वा आजारपणाच्या दिवसाचा खाडा बेकायदा ठरला पाहिजे आणि त्या दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे. हंगामावर निघण्यापूर्वी व परतल्यावर प्रत्येक कामगार स्त्रीची सरकारी तपासणी व्हावी, आणि गर्भाशय काढण्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेची कारणासह नोंद सार्वजनिक तपासणीस खुली असावी. फडाजवळ पाणी, आडोसा आणि शौचालय यांची जबाबदारी मुकादमावर ढकलू न देता कारखान्यावर टाकावी. हे मागण्यांचे झाले. दुसरे काम मागणीपत्रात मावणारे नाही. शिबिरांतून ज्ञानोबा-तुकोबांबरोबर चक्रधरांचे उत्तर आणि सोयराबाईंचा प्रश्न सांगितला गेला पाहिजे, आणि तो सांगणाऱ्याच्या स्वतःच्या घरातील देव्हाऱ्यापाशी व चुलीपाशी तीन दिवसांची मनाई शिल्लक राहता कामा नये. सभेत समतेचा ठराव मांडून घरी परतणाऱ्या कार्यकर्त्याला त्या दिवशी पाणी कोणी दिले आणि कोणाला देऊ दिले नाही, यावरूनही त्याच्या समाजवादाची परीक्षा होणार आहे.